लोटू आप्पांचं प्रेशर

कामाच्या वेळी बसलेला माणूस दिसला की लोटू आप्पांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगायची. बसणारा कोण आहे हे ते बघत नसत. एकदा त्यांनी मिलच्या ऑडिटरला खुर्चीवरून उठवलं होतं. ऑडिटरचं काम बसूनच असतं, हे त्यांना नंतर कुणीतरी सांगितलं. "असेल," आप्पा म्हणाले, "पण पाय तरी सरळ ठेवावेत."

पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलचा बॉयलर आप्पांच्या ताब्यात होता. अमळनेरजवळचं गाव सोडून ते सुरतेत आले तेव्हा त्यांच्याकडे दोन हात होते आणि एक पत्र्याची पेटी होती. आधी लिग्नाइट कोळशाच्या पाट्या वाहिल्या. मग तो कोळसा भट्टीत मारायला लागले. मग रात्रशाळेतल्या मास्तरकडून लिहायवाचायचं पक्कं करून घेतलं, परीक्षा दिली आणि बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट काढलं. त्यालाही बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांच्या पाळीत वाफ कमी पडली नाही आणि काटा लाल रेघेला शिवला नाही. बॉयलर जुना होता, काटा अजून पौंडात बोलायचा. एकशेवीसवर काटा उभा असला की आप्पांना जेवण गोड लागायचं.

घर बमरोलीत. दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये आप्पांची बायको शोभाबाई हिची खानावळ. एकतीस पोरं जेवायला, सगळी आप्पांच्याच मिलमधली. बहुतेक धुळे-जळगावकडची, पाच-सहा मराठवाड्यातली, सगळी वीस ते तिशीची. कुणी जिगर मशीनवर कापड रंगवणारा, कुणी फोल्डिंगच्या टेबलावर साड्यांच्या घड्या घालणारा. शोभाबाईच्या हाताला चव होती आणि चवीला तेल होतं. शनिवारच्या खिचडीवर ती कच्चं शेंगदाण्याचं तेल असं ओतायची की खिचडी कुठे संपते आणि तेल कुठे सुरू होतं, हे बोट घालून पाहावं लागे.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. एक दिवस बमरोलीच्या ट्रस्टच्या दवाखान्यातल्या अनुसया सिस्टर खानावळीत आल्या. बाई वर्ध्याकडच्या, आवाज खणखणीत.

"आप्पा, तुमच्याकडं काम होतं जी. ही पोरं माझं ऐकत नाहीत. मी बोलायला लागले की हसून राहिले."

"कशावर बोलता?"

"बीपी, शुगर, हार्ट. म्हणजे लागण न होणारे रोग."

"लागणच होत नाही, तर पोरांनी भ्यायचं कशाला?"

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "तेच तर! पोरंही असंच म्हणतात."

गल्लीच्या टोकाला राहणारा एक लूमवाला त्याच महिन्यात लूमवरच आडवा झाला होता. वय चौतीस. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं. त्याचं प्रेशर कधी कुणी मोजलं नव्हतं. सिस्टरांनी त्याचं नाव घेतलं तसे आप्पा जवळ सरकले. त्या माणसाला रिक्षात घालणाऱ्यांत तेही होते.

"मला समजावून सांगा," ते म्हणाले. "पण नीट. अर्धवट कळलेलं मी दुसऱ्याला सांगत नसतो."

सिस्टरांनी तीन संध्याकाळी समजावलं. रक्त, नळ्या, हृदय. मीठ काय करतं, तंबाखू काय करते, तेल कुठे जाऊन बसतं, बापाला असेल तर पोरानं लवकर का मोजावं, नुसतं बसून काम करणाऱ्याचं काय होतं. शेवटचा मुद्दा आप्पांना इतका आवडला की त्यांनी तो दोनदा सांगायला लावला.

"म्हणजे बॉयलर झाला," ते म्हणाले. "पाणी वाईट असलं की नळ्यांत खार बसतो. खार बसला की वाट बारीक. वाट बारीक की जोर जास्त. बाहेरून काही दिसत नाही. रंग लावलेला असतो."

"अगदी बरोबर जी! चला, हात पुढं करा. तुमचं मोजून घेऊ."

"माझं कशाला? मी काय आजारी आहे?" आप्पा म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. सिस्टर जाईपर्यंत त्यांचं पाणी पिऊन झालं नाही.

त्यामागं कारण होतं. आप्पांच्या आधीचा बॉयलरवाला आनंदा. एकदा चक्कर आली, डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि मॅनेजर भाईदासभाईंनी आनंदाला गेटवर बसवलं. स्टुलावर. दोन वर्षं तो माणूस गेटपास फाडत बसला, मोटारींना सलाम करत राहिला आणि एक दिवस गावाला निघून गेला. आप्पांची निवृत्ती चार वर्षांवर आली होती. ती चार वर्षं त्यांना बॉयलरपुढे उभ्यानं काढायची होती. स्टुलावर नव्हे.

*

पहिला वर्ग रविवारी अकराला, जेवणाआधी. आप्पांचा नियम साधा होता. वर्ग नाही तर ताट नाही. एकतीसच्या एकतीस पोरं हजर.

"तीन वर्षांपूर्वी प्लेग आला," आप्पांनी सुरुवात केली. "काय केलं?"

"पळालो!" पोरं एका सुरात म्हणाली.

"मग?"

"परत आलो. उंदीर मारले. गटारं साफ झाली."

"आता हे जे रोग आहेत, यांना उंदीर नाही."

फोल्डिंग खात्यातला धर्मेंद्र मागच्या रांगेतून बोलला. वय सव्वीस, अंगानं गोलसर, तोंडाचा पट्टा सदा चालू. "मग मारायचं कुणाला, आप्पा?"

"तुझ्या जिभेला."

पोरं हसली. आप्पांनी बॉयलर मांडला. भट्टी म्हणजे अमुक, नळ्या म्हणजे तमुक. पोरं मिलमधली, त्यांना फळा लागला नाही.

"प्रेशर पडलं की काय होतं?"

"जिगर थंड पडतं. रंग चढत नाही. डाइंग मास्तर आईवरून शिव्या देतो."

"आणि लाल रेघेवर गेलं की?"

"तुम्ही देता."

"बरोबर. प्रेशर पडलं की सगळी मिल बंद. शंभर कामगार हात बांधून उभे. नुकसान. बॉयलरवाल्याला तोंड दाखवायला जागा नाही." इथे आप्पा रंगले. वाफ पडल्याचे जुने किस्से निघाले. दुसऱ्या बॉयलरवाल्यांच्या हातून पडलेली वाफ, एकेक साल सांगून. ते सांगण्यात वीस मिनिटं गेली. लाल रेघेला मग तीन मिनिटं उरली.

नंतर तंबाखूचा विषय काढला. तंबाखूनं नळ्या आवळतात, तोंड सडतं, काळीज थकतं. सांगता सांगता आप्पांच्या डाव्या तळहातावर तंबाखू आली, चुना आला, उजवा अंगठा फिरायला लागला. त्यांना पत्ता नाही. मळून झाली, दोन टाळ्या मारून धूळ उडवली. आपल्याकडची रीत अशी, की मळणाऱ्यानं आधी चार जणांपुढे हात धरायचा आणि उरलेली आपल्या ओठाखाली ठेवायची. आप्पांनी रीतीप्रमाणे पहिल्या रांगेपुढे हात धरला.

पहिल्या रांगेतल्या पोरानं चिमूट घेतली. दुसऱ्यानंही घेतली. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

"आप्पा," धर्मेंद्र म्हणाला, "हा प्रयोग आहे का प्रसाद?"

आप्पांनी हाताकडे पाहिलं. सिस्टरांनी आढ्याकडे पाहिलं. आतून शोभाबाई भांडं पडल्यासारखी हसली.

वेळ मारून न्यायला सिस्टरांनी पाऱ्याचं यंत्र उघडलं. नमुन्यादाखल चेतनचं मोजलं. जिगरवर काम करणारा, सडपातळ, लाजरा पोरगा. दंडाला पट्टा, कानाला नळी, फुसफुस.

"वरचं एकशेचार. छान आहे."

"एकशेचार!" मागून आरोळी आली. "वाफ गेली रे! मास्तरला बोलवा!" आणि मग आठवडाभर चेतनला सुख नव्हतं. पंगतीत बसला की कुणीतरी म्हणायचं, "चेतनला गरम वाढा, प्रेशर नाही त्याला."

*

पुढच्या रविवारी सगळ्यांची मोजणी होती. सिस्टर नवी वही घेऊन आल्या होत्या. पहिला आला, एकशेचोपन्न. दुसरा, एकशेबासष्ट. तिसरा, एकशेअठ्ठेचाळीस. सातव्या पोरापर्यंत सिस्टरांच्या ओठावर घाम आला. नवव्याला त्यांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. मग स्वतःचं मोजलं. ते ठीक निघालं. मग चेतन बसला. मागच्या वेळचा एकशेचार, आज एकशेशेहेचाळीस. चेहरा लाल, छातीचा भाता, आणि ओठावर विजयाचं हसू.

"आप्पा," सिस्टर हळूच म्हणाल्या, "मी डॉक्टरसाहेबांना बोलावते. सगळी बमरोली आडवी व्हायची वेळ आली जी."

आप्पा बॉयलरवाले होते. सगळे काटे एकदम वर गेले तर आधी भट्टीत काय पडलं ते बघायचं, हे त्यांना माहीत होतं. ते आत गेले आणि शोभाबाईला विचारलं, "लोणच्याची बरणी कुठाय?"

बरणी सापडली. आत दोन कैऱ्यांच्या साली आणि एक चमचा होता. वर्षाचं लोणचं होतं ते.

आप्पा बाहेर आले. "चेतन, उभा राहा. खरं बोल."

चेतननं खरं सांगितलं. सकाळी पांडेसऱ्याच्या नाक्यापासून बमरोलीपर्यंत पळत आला. तीन कोप चहा प्यायला. अर्धी वाटी लोणचं खाल्लं. वर तंबाखूचा डबल बार भरला. बाकीच्यांनीही कमीजास्त हेच केलं होतं. दोघांनी शेडमागे जोर मारले होते. धर्मेंद्रनं तेवढं काही केलं नव्हतं, कारण पळायचा त्याला कंटाळा होता, पण लोणचं त्यानंही सोडलं नव्हतं.

"पण का रे?" सिस्टर ओरडल्या.

"एकशेचार म्हणजे कमी ना," चेतन म्हणाला. "मागच्या वेळी सगळे हसले. आप्पांनीच सांगितलं, प्रेशर पडलं की मिल बंद, तोंड दाखवायला जागा नाही."

सिस्टर वळल्या. "आप्पा, हे तुम्ही शिकवलं?"

चूक आप्पांची होती आणि त्यांना ती दिसत होती. वाफ पडण्याला वीस मिनिटं, लाल रेघेला तीन. कापडाच्या मीटरवर पगार घेणाऱ्या पोरांना आयुष्यभर एकच कळलेलं, आकडा जेवढा मोठा तेवढं काम चांगलं. त्यात आपण असा धडा दिला. काम वाकडं झालं की उसवून परत करायचं, दुसरा इलाज नसतो.

"पुन्हा मोजायचं," ते म्हणाले. "आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. तंबाखू नाही, चहा नाही, पळणं नाही. आहे ते निघू दे. मोठा आकडा काढणाऱ्याला इथे बक्षीस नाही."

"बरं," धर्मेंद्र म्हणाला. "तुमचं किती आहे, आप्पा?"

सगळ्या माना आप्पांकडे वळल्या.

"माझं नंतर. मला आज बॉयलर बघायला जायचंय."

"आज रविवार आहे, आप्पा. बॉयलर बंद आहे."

"बंद असतानाच बघायचा असतो," आप्पा म्हणाले आणि चपला घालून निघाले. बंद बॉयलरकडे दोन तास बघून परत आले.

*

त्यापुढच्या रविवारी आप्पांचा दंड दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना सिस्टरांचा पट्टा आखूड वाटला. तिसऱ्या रविवारी त्यांनी सांगितलं की त्यांचं मोजून झालेलं आहे, मिलमध्ये. "कुणी मोजलं?" पोरांनी विचारलं. "मोजलं एकानं," आप्पा म्हणाले. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं असंच असतं, त्याला हातपाय नसतात.

आता वर्ग नाही तर ताट नाही, हा नियम होता. पण पोरं म्हणाली, मोजू आम्ही, आधी आप्पांचं. आणि उपाशी पोरांना बघून शोभाबाई मागच्या दारानं ताटं द्यायला लागली. एकतीसची हजेरी एकोणिसावर आली, मग सहावर. त्या सहांतले दोघं पहिल्या पंगतीला जागा मिळावी म्हणून आले होते.

त्या दिवशी दुपारी शोभाबाईनं आप्पांना वाढलं. सिस्टरांच्या सांगण्यावरून तिनं आठवडाभर भाजीत मीठ कमी टाकलं होतं. आप्पांनी घास घेतला, इकडेतिकडे पाहिलं, मिठाची वाटी ओढली आणि तळहातावर घेऊन चाटलं.

ती समोर बसली. घरात ती अहिराणीच बोलायची. "तुम्हले भेव वाटस का त्या पट्टाना?"

"भेव कसानं?"

"मंग दंड काबर दुखस दर रविवारले?"

आप्पांनी ताटाकडे बघत सांगून टाकलं. जास्त निघालं तर गेटवर बसवतील. स्टुलावर. आनंदासारखं.

शोभाबाईनं मिठाची वाटी उचलून आपल्या मागे ठेवली. "आनि एक दिन बॉयलरपुढे पडशात, तव्हय?"

आप्पा पडले तर कोण आगीकडे बघेल, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे कोण बघेल, हा हिशोब त्यांनी आजवर दुसऱ्यांसाठी केला होता. भोवळ येणाऱ्या एका फायरमनला त्यांनीच भट्टीवरून काढलं होतं.

पुढच्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी शेडमध्ये येऊन बसले. बाही वर केलेली. पोरांना बातमी लागली. साडेदहाला एकतीसही जण हजर, वर शेजारच्या खोलीतले चार फुकटे.

"पाच मिनिटं गप्प बसा," सिस्टर म्हणाल्या. "पाय जमिनीला. हात मोकळे."

आता आप्पांना हे जन्मात कधी जमलेलं नव्हतं. दुसऱ्या मिनिटाला उठून त्यांनी माठाखालची वीट सरळ केली. सिस्टरांनी पुन्हा घड्याळ लावलं. मग त्यांना चेतनची पाठ वाकलेली दिसली. "ताठ बस!" पुन्हा घड्याळ. मग पत्र्यावर माकड की मांजर ते बघायला उठले. पाच मिनिटांना पंचवीस मिनिटं लागली. आप्पांना घाम फुटला. लिग्नाइटची शंभर पाटी मारताना असा घाम येत नव्हता.

फुसफुस झाली. सिस्टरांनी पारा खाली सोडला, पुन्हा वर नेला, पुन्हा सोडला.

"बोला," आप्पा म्हणाले.

"वरचं एकशेअठ्ठ्याहत्तर. खालचं एकशेसहा."

"दुसऱ्या हाताचं घ्या."

"एकशेचौऱ्याहत्तर."

"लाल रेघ कुठे आहे म्हणालात?"

"एकशेचाळीस."

आप्पांनी बाही खाली केली.

"मग भट्टी ओढा, आग विझवा," आप्पा म्हणाले.

*

सोमवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी ते भाईदासभाईंच्या केबिनमध्ये उभे राहिले. सिस्टरांनी दिलेला कागद टेबलावर ठेवला. मॅनेजरनं वाचला आणि परत सरकवला. भाईदासभाई सुरती माणूस, त्यांना मिल चालू हवी होती. प्रेशर सगळ्यांनाच असतं, म्हणाले.

"अरे लोटुभाई, आ तो बद्धाने होय! गोळी खाई लो ने काम करो."

"नाही, शेठ. असल्या माणसाच्या हातात मी माझा बॉयलर देणार नाही."

"कया माणसना हातमां?"

"माझ्या."

भाईदासभाईंनी बरंच समजावलं. आप्पा हटले नाहीत. शेवटी मॅनेजर वैतागून म्हणाले, मग गेटवर बसा, बरे व्हा, मग बघू. आणि आप्पा गेटवर गेले. ज्या गोष्टीला दोन महिने भ्याले, ती स्वतः मागून घेतली.

पण स्टुलावर ते बसले नाहीत. स्टूल पहिल्याच दिवशी भिंतीकडे तोंड करून ठेवलं. रोज सकाळी एक गोळी. ती ते शोभाबाईसमोर घ्यायचे, म्हणजे साक्ष राहते. मीठ चाटणं बंद. तंबाखू सोडली तेव्हा पहिला महिना फार वाईट गेला. बोलता बोलता डावा तळहात उघडायचा, उजवा अंगठा फिरायला लागायचा, दोन टाळ्या मारल्या जायच्या आणि मग रिकामा हात समोरच्यापुढे जायचा. गेटवर आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं त्यातून चिमूट उचलल्यासारखी केली आणि हात जोडले. त्याला वाटलं, म्हातारा देवभोळा आहे.

चालायला सांगितलं होतं, म्हणून गाड्या नसतील तेव्हा मिलच्या भिंतीला फेऱ्या. फेऱ्या मारता मारता त्यांना मागच्या भिंतीतलं भगदाड सापडलं, तिथून उशिरा येणारे आत शिरायचे. ते त्यांनी बुजवून घेतलं. मग सगळ्यांना पुढूनच यावं लागायचं.

"तोंड उघड," आप्पा म्हणायचे.

"आप्पा, उशीर होतोय."

"उशीर तुला घरीच झाला. तोंड उघड. थुंक ते."

एकदा त्यांना बघून धर्मेंद्रनं अख्खा बार गिळला. दिवसभर उचक्या देत होता, घातलेली प्रत्येक घडी वाकडी. डाइंग मास्तर चार मिनिटं उशिरा आला, त्याचंही नाव वहीत गेलं. मास्तरनं डोळे वटारले. आप्पांनी वेळेपुढे "डोळे वटारले" अशी नोंद केली.

मन मात्र चिमणीकडे असायचं. काळा धूर निघाला की आप्पा गेटवरून आकाशाकडे बघून ओरडायचे, "अरे हवा दे! हवा दे त्याला!" नव्या बॉयलरवाल्याला ऐकू जायचं नाही. मग चिठ्ठी जायची. 'धूर काळा. माल कमी टाक.' दिवसाला सात-आठ चिठ्ठ्या. नवा बॉयलरवाला त्यांनी भट्टी पेटवायचा.

चार महिन्यांनी सिस्टरांनी मोजलं. एकशेचौतीस, खाली चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी पुढच्या दोन रविवारी पुन्हा मोजलं आणि कागदावर सही केली. गोळी चालू ठेवायची, पण बॉयलर चालवायला हरकत नाही. आप्पा तो कागद घेऊन केबिनमध्ये गेले. जाताना केस विंचरले होते.

भाईदासभाईंनी कागद वाचला आणि हसले. "लोटुभाई, तमे गेट पर ज बराबर छो. आवो गेटवाळो मने वीस वरसमां नथी मळ्यो."

असा गेटवाला वीस वर्षांत मिळाला नाही. आप्पा बाहेर आले. चिमणीतून काळा धूर निघत होता. त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही. घरी जेवताना शोभाबाईनं विचारलं, कागदाचं काय झालं, तर म्हणाले, "ठेवला शेठनं." आणि भाकरी तशीच राहिली. काम नीट केल्याची शिक्षा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा झाली होती.

*

त्या शनिवारी संध्याकाळी धर्मेंद्र, चेतन आणि आणखी चार जण खानावळीत आप्पांपुढे येऊन उभे राहिले. धर्मेंद्रच्या हातात अर्ज होता.

"आप्पा, आम्ही सगळे मिळून शेठला सांगणार आहोत. तुम्हाला बॉयलरवर परत घ्या."

आप्पांना बॉयलर दिसायला लागला. तोंडावर त्यांनी ते येऊ दिलं नाही. "का बरं?"

"तुमचा अनुभव..." चेतन म्हणाला.

"तुमची सेवा..." दुसरा म्हणाला.

"खरं सांग, धर्मेंद्र."

"खरं सांगू? चार महिने झाले, आप्पा, शांतपणे एक बार भरता आला नाही. तुम्ही गेटवर राहिलात तर आम्ही मरू."

"मला गेट बरं वाटतं," आप्पा म्हणाले. "हवा आहे. लोक भेटतात."

पोरांचे चेहरे पडले. आप्पांनी त्यांना पडू दिलं. मग म्हणाले, "एक करता येईल. अर्ज सोमवारी द्यायचा. उद्या सकाळी एकतीस जणांनी मोजून घ्यायचं. पाच मिनिटं गप्प, तोंड रिकामं. ज्याचं मोजून झालं त्यानं सही करायची. एक जरी कमी पडला तर मी गेटवर."

"ही दादागिरी झाली, आप्पा."

"हो."

रविवारी सकाळी शेडमध्ये एकतीस जवान पोरं मांडीवर हात ठेवून गप्प बसलेली. शोभाबाई बाजारातून आली, दारातच थबकली आणि घाबरून विचारती झाली, "कोन गयं रे?"

एकेक आकडा निघाला. एकशेबारा, एकशेअठरा, एकशेचोवीस. चेतन एकशेसहा, आणि या वेळी मान ताठ. एकतिसांत तिघं लाल रेघेच्या वर गेले. तिसरा धर्मेंद्र. एकशेबावन्न.

"यंत्र बिघडलंय, सिस्टर."

"मागचे सगळे त्याच यंत्रावर निघाले जी."

पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतलं. एकशेबावन्नच. धर्मेंद्रनं पट्टा सोडून दिला आणि बराच वेळ दंड चोळत बसला. "माझा बाप असाच गेला," तो म्हणाला. "शेतात, पंचेचाळिसाव्या वर्षी. आम्ही म्हणालो, ऊन लागलं."

सिस्टरांनी त्याला दवाखान्यात यायचा दिवस लिहून दिला. आणखी दोनदा मोजू, म्हणाल्या, मग डॉक्टर ठरवतील. सव्वीस वर्षांचा आहेस, वेळेवर कळलं. धर्मेंद्रनं कागदाची घडी घातली. घडी घालण्यात त्याचा हात पक्का होता. मग अर्जावर सही केली.

अर्जावर सगळ्यात वर डाइंग मास्तरची सही होती. ती न मागता मिळाली होती. खाली एक ओळ त्यानं स्वतः लिहिली होती, की आठवड्यात चार वेळा वाफ पडते आणि गेटवर चार मिनिटं उशीर लिहिला जातो, यातलं मिलला काय परवडतं ते शेठनं ठरवावं. सोमवारी भाईदासभाईंनी ते वाचलं, उसासा टाकला आणि आप्पांचा कागद खणातून बाहेर काढला.

मंगळवारी पहाटे उजाडता उजाडता आप्पा घरातून निघाले. गोळी झाली होती. खाकी शर्ट शोभाबाईनं इस्त्री केलेला. धर्मेंद्रच्या खोलीपुढे ते थांबले आणि दार वाजवलं.

"कोण मेलं?" आतून आवाज आला.

"अजून कुणी नाही. चल. पायी जायचं मिलला."

"आप्पा, रिक्षा आहेत की! माणशी सीट मिळते."

"मिळू दे. दिवसभर बसूनच घड्या घालतोस."

धर्मेंद्र चपला शोधत बाहेर आला. बमरोलीचा रस्ता लागला. आप्पांचं पाऊल लांब होतं, बॉयलर पाऊण तासावर होता. पोरगा मागे पडला.

"रोज यायचं का असं?"

"रोज."

"किती दिवस?"

"मोज तू. मला कळव."

"आप्पा, जरा हळू चला ना!"

"हळूच चालतोय," आप्पा म्हणाले.